जोशुआ व्हेरिनचा मताधिकार

श्रोतेहो, ऱ्होड आयलंड या अमेरिकेतील सर्वांत लहान राज्याची कथा बहुधा रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाच्या हद्दपारीपासून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. धर्माच्या बाबतीत शासनाने हात घालू नये आणि मूळ रहिवाशांची जमीन इंग्लंडच्या राजाने परस्पर वाटू नये, असे सांगत राहिल्याबद्दल मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या, सत्तेने १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा सुनावली. त्याला धरून इंग्लंडच्या जहाजात बसवण्याचा बेत शिजत असताना तो १६३६च्या जानेवारीत बर्फातून निसटला, वाम्पानोआग या मूळ रहिवाशांच्या आश्रयाने त्याने हिवाळा काढला, आणि त्याच वर्षी नॅरागॅन्सेट या मूळ जमातीच्या कॅनोनिकस आणि मियांटोनोमी या प्रमुखांनी दिलेल्या जागेवर प्रॉव्हिडन्स हे गाव वसवले. मला आज बोलायचे आहे ते मात्र त्याच्या शेजाऱ्याविषयी.

जोशुआ व्हेरिन हा गावच्या पहिल्या सहा जणांपैकी एक. त्याचे घर विल्यम्सच्या घराला लागूनच होते. विल्यम्सकडे प्रार्थनेसाठी लोक वरचेवर जमत. व्हेरिनने तिकडे जाणे सोडले, पण त्याची पत्नी जेन जात राहिली, म्हणून त्याने तिला अडवले आणि मारहाणही केली. विल्यम्सच्या पत्रानुसार तिच्या जिवावरच बेतले होते. प्रकरण गावाच्या बैठकीत आले, तेव्हा आर्नल्ड नावाच्या गृहस्थाने हरकत घेतली की, पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावे हा ईश्वरी नियम आहे आणि तो मोडण्याइतके स्वातंत्र्य आपण कोणालाच दिलेले नाही. त्यावर ग्रीन नावाचा दुसरा गावकरी म्हणाला की, आपण बायकांना अडवू लागलो तर मुलुखातल्या साऱ्या बायका आपल्या नावाने ओरडतील. आर्नल्डने उलट विचारले : माणसांना खूश करण्यासाठी देवाला दुखवायचे नाही म्हणून आपण मॅसॅच्युसेट्स सोडले ना? मग आता बायकांना खूश करण्यासाठी देवाचा नियम मोडायचा काय? हा संवाद आपल्यापर्यंत पोचला तो मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर विन्थ्रॉप याच्या रोजनिशीतून, आणि शेजारच्या बंडखोरांची फजिती टिपताना त्याला आनंदच होत असणार, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्या जेनवरून हे रामायण घडले, तिचे बोलणे मात्र त्यात नाही.

मे १६३८ मध्ये गावाने निर्णय दिला की, सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याला अटकाव करून गावकऱ्यांच्या आपसांतील कराराचा भंग केल्याबद्दल व्हेरिनचा मताधिकार तो आपली भूमिका बदलेपर्यंत काढून घेण्यात येत आहे. या नोंदीतील शब्द मला फार बोलके वाटतात. पत्नीला मारल्याचा उल्लेख त्यांत नाही. गुन्हा ठरला तो तिला प्रार्थनेला जाऊ न देण्याचा. म्हणजे जे स्वातंत्र्य ऱ्होड आयलंडचा प्रतिनिधी जॉन क्लार्क याने खटपट करून इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याकडून वसाहतीच्या १६६३च्या सनदेत लिहून घेतले, ते त्याआधी पंचवीस वर्षे एका घराच्या उंबरठ्यापर्यंत पोचले होते, आणि तिथेच अर्धवट थांबलेही होते.

व्हेरिन जेनला घेऊन मॅसॅच्युसेट्समधील सेलेमला परत गेला. प्रॉव्हिडन्सची जमीन मात्र त्याच्या मनातून गेली नाही. १६५० मध्ये त्याने गावाला पत्र लिहून कळवले की, आपण पहिल्या सहांपैकी आहोत आणि तिथल्या जागेवरचा आपला हक्क कायम आहे.