सुपडूपासून शिवांशपर्यंत

(दृश्य : जळगावचा छापखाना, लग्नपत्रिकांचे गठ्ठे)

शाई अजून ओली आहे. खान्देशातली लग्नपत्रिका सावकाश वाचायची असते. सगळ्यात वर 'कै.' लावलेली नावं : झिपरू, सुपडू, उखर्डू. त्याखाली निमंत्रक सुनील आणि संजय. नवरदेव अक्षय. आणि अगदी तळाशी, 'आमच्या काकांच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी स्वरा, आरोही, शिवांश. शंभर वर्षांतलं खान्देशचं घर या एका कागदावर आलं आहे.

(दृश्य : अंगण, आजींच्या हातातलं सूप)

हे सूप बघा. काठ झिजलेला, तळाला शेणाचा हात फिरवलेला. घरात पोरं जगत नसली की पुढचं बाळ आधी या सुपात ठेवायचं. काही घरांत ते सूप क्षणभर उकिरड्यावर टेकवायचे. शेजारीण बाळ उचलून आणायची आणि आई मूठभर दाणे देऊन आपलंच लेकरू तिच्याकडून 'विकत' घ्यायची. मरणाला वाटावं, हे टाकलेलं पोर आहे, याच्याकडे कशाला बघायचं! सुपातला तो सुपडू, उकिरड्यावरचा उखर्डू. दगडू, धोंडू, भिका, चिंधा ही सगळी त्याच भीतीतून आलेली नावं आहेत. कुरूप नाव हा त्या आईकडचा शेवटचा उपाय होता. या नावांवर वर्गात हसणाऱ्यांनी १८९९-१९०० चा छपन्न्या दुष्काळ आठवावा, त्याच सुमाराचा प्लेग आठवावा आणि १९१८ ची तापाची साथही.

(दृश्य : आसोदे, जुने वाडे)

जळगावजवळच्या या आसोद्यात १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी बहिणाबाई जन्मल्या. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. भाऊ घमा, गना, घना. बहिणी अहिल्या, सीता, तुळसा. ही नावं एकदा मोठ्यानं म्हणून बघा, ओवीसारखी जिभेवर बसतात. बहिणाबाई नथूजी चौधरींच्या घरी आल्या आणि त्यांच्या मुलाचं नाव पडलं सोपानदेव. घमा-गनापासून सोपानदेवांपर्यंत एकच पिढी.

(दृश्य : मुक्ताईनगर, मंदिरात वारकऱ्यांचं भजन)

सोपान हा मुक्ताबाईचा भाऊ आणि मुक्ताईची समाधी इथे खान्देशातच. या टाळांच्या आवाजात गावोगाव ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, पंढरीनाथ, मुक्ताबाई जन्माला आले. घरात हाक मारता मारता देवाचं नाव तोंडी यावं, एवढाच हिशेब.

(दृश्य : बारसं, पाळणा सजतो आहे)

आता हे बारसं. पाचव्या रात्री सटवाईची पूजा झाली, आज बारावा दिवस. पाळण्याला फुलांच्या माळा, खाली घुगऱ्यांची परात. बायका गोप्या, म्हणजे बाळासारखा सजवलेला वरवंटा, पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात : 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या.' बाळाची फुई, म्हणजे आत्या, पुढे होते, कानाशी वाकते, 'कुर्रर्र' करते आणि पाठीत धपाधप धपाटे खाते! एवढ्यात मागून एक म्हातारी विचारते, 'पोऱ्यानं नाव काय ठेवं वं माय?'

पूर्वी अक्षर पंचांगातून यायचं. अश्विनी नक्षत्र असेल तर चू, चे, चो, ला. आता अक्षर तेच, पण नाव मोबाइलवर शोधतात. फुईनं मनात धरून आणलेलं नाव बहुतेक वेळा पाळण्यापुरतंच उरतं. दाखल्यावर आईबापांनी आधीच ठरवलेलं नाव लागतं.

(दृश्य : जिल्हा परिषद शाळा, जनरल रजिस्टर)

शाळेचं हे रजिस्टर म्हणजे गावाची खरी बखर. पानांच्या कडा तुटल्यात, निळी शाई तपकिरी झाली आहे. हिलाल, झुलाल, लोटन, भटू, कौतिक, भिला. धुळ्या-जळगावबाहेर ही नावं सहसा कानावर पडत नाहीत. जन्मतारखेच्या रकान्यात ओळीनं १ जून, कारण तारीख गुरुजींनीच टाकलेली. कित्येकदा नावही गुरुजींनीच सुधारलेलं.

१९३६ साली याच खान्देशात, फैजपूरला, काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन भरलं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. पुढच्या पानांवर सुभाष, जवाहर, विजया येतात. मग अनिल, सुनील, संगीता, सुनंदा. मग क्रिकेटचा सचिन. आणि आता पानं उरलीच नाहीत, संगणकाच्या पडद्यावर रियांश, अन्वी, विहान. मुंबईच्या शाळेतही हीच नावं, पुण्याच्याही. पडद्यावरच्या यादीवरून गाव ओळखून दाखवा.

(दृश्य : सातपुडा, धडगावचा बाजार)

सातपुड्यात भिल्ल आणि पावरा घरांमध्ये वारावरून नावं ठेवायची रीत होती. सोमवारचा सोम्या, मंगळवारचा मंगल्या, बुधवारचा बुध्या. जन्माचा वारच नावात असल्यामुळे तो कुठे लिहून ठेवावा लागत नसे. शाळेच्या पटावर मात्र हे बरेचदा सोमनाथ नाहीतर मंगलसिंग होऊन बसले.

(दृश्य : तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर)

दाखल्यावर सुपडू, आधार कार्डावर सुरेश, सातबाऱ्यावर सुपडू भिका. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि वारसनोंदीसाठी हेलपाटे.

(दृश्य : पुन्हा रजिस्टर, बोट एका नावावर)

या पानांचे फोटो काढून ठेवायला एक दुपार पुरते. घरात म्हातारं माणूस असेल तर तेवढ्यातच त्यांना विचारून घ्या, हे नाव कुणी ठेवलं, आणि त्याच्या आधीची भावंडं किती गेली होती.