आठव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचे घर

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याची राजधानी असलेल्या स्प्रिंगफिल्ड शहरात आठवा रस्ता आणि जॅक्सन स्ट्रीट जिथे मिळतात, तिथे तपकिरी रंगाचे एक दुमजली लाकडी घर उभे आहे. दारावरच्या पाटीवर एवढीच अक्षरे आहेत : ए. लिंकन. पाटीवर हुद्दा नाही, कारण या घरात राहणारा माणूस वकील होता. राष्ट्राध्यक्ष म्हणून तो या घरात एक दिवसही राहिला नाही.

ज्या चार्ल्स ड्रेसर या धर्मोपदेशकाने १८४२ मध्ये अब्राहम लिंकन आणि मेरी टॉड यांचे लग्न लावले, त्याच्याकडूनच लिंकन यांनी १८४४ मध्ये हे घर घेतले. किंमत होती १,२०० डॉलर रोख आणि वर गावातला एक छोटा भूखंड. तेव्हा ते जेमतेम दीड मजली होते. वकिलीत जम बसला, कुटुंब वाढले, तेव्हा १८५६ मध्ये वरचा मजला पूर्ण चढवण्यात आला. लिंकन यांच्या मालकीचे हे आयुष्यातले एकमेव घर.

दर्शनी दिवाणखान्यात १९ मे १८६० रोजी रिपब्लिकन पक्षाचे शिष्टमंडळ शिकागोहून आले आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची रीतसर वार्ता त्याने इथेच दिली. आज दिसणारी मांडणी मात्र बरीचशी पुन्हा उभी केलेली आहे. वॉशिंग्टनला जाण्यापूर्वी लिंकन यांनी बरेचसे सामान विकले आणि घर वर्षाला ३५० डॉलर भाड्याने दिले. भाडेकरू ल्युशियन टिल्टन यांनी त्यातले काही सामान विकत घेतले. पुढे ते शिकागोला नेले आणि १८७१ च्या भीषण आगीत ते जळून गेले. सुदैवाने एका सचित्र साप्ताहिकाने १८६१ मध्ये या खोल्यांची रेखाचित्रे छापली होती, त्यांच्या आधाराने खुर्च्या, पडदे आणि गालिचे यांची जुळणी करता आली.

म्हणून जिन्यापाशी आलेला पाहुणा थबकतो. संग्रहालयात सहसा कशालाही हात लावू देत नाहीत. इथे मात्र वर जाताना कठडा धरावाच लागतो, आणि तो कठडा मूळचा आहे. सतरा वर्षे लिंकन यांचा तळवा याच लाकडावरून सरकत होता.

वरच्या खोल्यांत आपल्या शाळांच्या भिंतीवर चौकटीत लावलेले, लिंकन यांनी मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिल्याचे सांगितले जाणारे पत्र हमखास आठवते. त्या पत्राची मूळ प्रत लिंकन यांच्या कागदपत्रांत कुठेही सापडलेली नाही, आणि खरे पाहता या घरातला बाप शिस्तीच्या वाटेला फारसा जात नसे. धाकटे विली आणि टॅड वडिलांच्या कचेरीत जाऊन असा धुडगूस घालीत, की लिंकन यांचे भागीदार विल्यम हर्नडन यांनी पुढे त्याविषयी चांगल्याच कडवटपणे लिहून ठेवले आहे. दुसरा मुलगा एडी याच घरात १८५० मध्ये, चार वर्षांचा होण्याआधीच गेला. ११ फेब्रुवारी १८६१ रोजी रेल्वे स्थानकावर शेजाऱ्यांचा निरोप घेताना लिंकन यांनी त्याचा उल्लेख केला : माझी मुले इथेच जन्मली, आणि त्यांतले एक इथेच पुरले आहे.

हे घर पाहायला पैसे पडत नाहीत, यामागेही एक गोष्ट आहे. १८८३ मध्ये ऑसबोर्न ओल्डरॉइड हा संग्राहक इथे भाड्याने राहायला आला, दिवाणखान्यात त्याने लिंकनविषयक वस्तूंचे प्रदर्शन मांडले आणि काही काळाने भाडे देणेच सोडून दिले. अखेर थोरला मुलगा रॉबर्ट याने १८८७ मध्ये घर राज्य सरकारला दिले. अट अशी, की ते नीट राखावे आणि लोकांसाठी कायम विनामूल्य खुले असावे. घराचा पहिला रखवालदार म्हणून नेमणूक झाली ती ओल्डरॉइडचीच! १९७२ पासून वास्तू नॅशनल पार्क सर्व्हिस या केंद्र सरकारच्या संस्थेकडे आहे आणि अट अजून पाळली जाते.

मागच्या अरुंद जिन्याने उतरले, की स्वयंपाकघर लागते. इथली ओतीव लोखंडाची शेगडी मूळची आहे. ती १८६० च्या उन्हाळ्यात घेतली होती. पुढच्या फेब्रुवारीत घरातली माणसे निघून गेली आणि शेगडी मागे राहिली.