पडवीतला ट्रान्झिस्टर

(दृश्य : मालवणजवळचं कौलारू घर. पडवीत खुंटीला कातडी पिशवीतला जुना ट्रान्झिस्टर.)

हा मुंबईहून आला. गिरणीतल्या चाकरमान्याने गणपतीला येताना आणला, पाच दिवस वाडीभर मिरवला आणि परत जाताना घरीच ठेवला. पुढे तो ऐकला बायकांनीच. सेल उतरले की माझी आजी ते अंगणात उन्हात ठेवायची. तेवढ्यावर आणखी दोन दिवस निघायचे. सकाळी सात-पाचला पुण्याहून प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या, की आम्हा पोरांवर डाफरायची, "गप रवा रे जरा, बातम्यो लागल्यो!"

पेपर यायचा दुपारच्या एसटीने, आणि तोही आधी पुरुषांच्या हातात. आजीला तर वाचताच येत नव्हतं. रेडिओचं बरं होतं; नारळ खवता खवता राज्यकारभार कानावर पडायचा.

१९७७ साली रत्नागिरीला आकाशवाणी केंद्र सुरू झालं. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत राजकीय पक्षांना पहिल्यांदाच आकाशवाणीवरून बोलायला मिळालं. बाजारातल्या सभेला बायका गेल्याच तर लांब, झाडाखाली उभ्या राहायच्या. आता भाषण चुलीपाशी आलं. राजापूर मतदारसंघात मधू दंडवते निवडून आले, हे आजीने घरातल्या पुरुषांना सांगितलं होतं, पुरुषांनी आजीला नव्हे.

खरं सांगायचं तर खास बायकांसाठी म्हणून जे लागायचं, त्यात लोणची आणि बाळाचं वजनच जास्त. राजकारण मिळालं ते सगळ्यांसाठीच्या बातम्यांतून.

(दृश्य : ग्रामपंचायतीची खोली. भिंतीला लावलेल्या खुर्च्या.)

२४ एप्रिल १९९३ला ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली. पंचायतीत किमान एक तृतीयांश जागा बायकांच्या, सरपंचपदंसुद्धा. मग ठिकठिकाणी सही बाईची नि कारभार नवऱ्याचा, असंही झालं. त्याला रेडिओ काय करणार?

आमच्या शेजारची काकी त्या आरक्षणातून सदस्य झाली. पहिल्या सभेला गेली तेव्हा खुर्च्या भरलेल्या. ती दाराजवळ टेकली. ठरावाचं रजिस्टर तिच्यापुढे सरकवून कुणीतरी म्हणालं, "काकी, हय अंगठो मार, झाला."

ठराव म्हणजे काय, हे तिने वर्षानुवर्षं ऐकलेलं. हात पदराखालीच ठेवून ती म्हणाली,

"आधी वाचून दाखवा. माका आयकूची सवय आसा."