दार लावून पंधरा मिनिटं

नमस्कार मायबहिणींनो. आणि ओसरीवर बसून कानावर पडतंय म्हणून ऐकणाऱ्या बाप्यांनो, तुम्हीही ऐका.

बत्तीस वर्षं मी आरोग्यसेविका म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत फिरले. निवृत्तीनंतर कंबरदुखीपायी योग शिकले, आता गावातल्या बायांना शिकवते. आज बोलायचंय ते अशा बाईबद्दल, जिच्या दुःखाला आपल्याकडे धड शब्दही नाही. ‘दिवस गेले होते, पण खराब झालं’ एवढं म्हणतो आणि विषय बदलतो.

बाळंतिणीला सव्वा महिना शेक-शेगडी, तेल, डिंकाचे लाडू. हिचं सहाव्या महिन्यात गेलं. कळा हिलाही आल्या, रक्त हिचंही गेलं. पण पाळणा नाही, म्हणून बाळंतपणही नाही. पाचव्या दिवशी कमरेला झोळी बांधून कापूस वेचायला हजर. मातृत्व लाभाच्या कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा लिहिली आहे. किलोमागे मजुरी घेणाऱ्या बाईला ती कोण देणार?

एका घरची गोष्ट सांगते. सून परसात पाठमोरी उभी होती. हाक मारली तर वळेना. वळली तेव्हा पोलकं ओलं. म्हणाली, “नर्सबाई, लेकरू नाई, अन् दूध येऊन रायलं.” शरीराला कोण सांगणार? चार-पाच महिने उलटून गेल्यावर गर्भ गेला, तर दोन-चार दिवसांत पान्हा फुटू शकतो. पिळून रिकामं करू नका, म्हणजे हळूहळू आटतं. फार ठणकलं तर थोडंसं काढा, गार पाण्याची घडी ठेवा. हे मी सांगितलं, पण तिच्या मनाचं काय करायचं ते तेव्हा मलाही येत नव्हतं.

पुढे योगवर्गात अशीच एक आली, तेव्हा मी चूक केली. सगळ्यांना सांगते तसं तिलाही सांगितलं, “उताणी झोप, डोळे मीट, पोटावर हात ठेव, पोट वर-खाली होतंय ते बघ.” ती उठली, चप्पल घातली आणि गेली. रात्री अंथरुणात मला उमगलं. ज्या पोटावर पाच महिने तिचा हात जाऊन जाऊन थांबत होता, तिथेच मी तो पुन्हा ठेवायला लावला.

आता मी असं करते. हात बरगड्यांच्या दोन्ही बाजूंना. डोळे उघडे, नजर आढ्याच्या एका वाशावर. उताणं नको वाटलं तर कुशीवर. रक्तस्राव थांबलेला असेल, डॉक्टरांनी किंवा सिस्टरनं तपासलेलं असेल, तर जमिनीवर सतरंजी टाकून पोटऱ्या खाटेवर ठेवायच्या. कंबर सैल पडते. कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडून धरणं या दिवसांत नाही. पोटाला ताण पडेल असं कुठलंच आसन नाही. श्वास चार आकड्यांत घ्यायचा, सहा आकड्यांत सोडायचा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं. भ्रामरीत गुणगुणताना तेच होतं. जात्यावरच्या ओवीतही तेच होत असणार. ओवी लांबवताना श्वास आपोआप लांबायचा, आणि सासरचं सगळं त्यात बोलून व्हायचं. आता पीठ चक्कीवरून येतं.

पण खरी गोष्ट श्वासाचीही नाही. ‘मी जरा झोपते’ असं आपल्याकडची सून म्हणू शकत नाही. ‘योग करते’ म्हणू शकते. त्या नावाखाली दार लावता येतं. पंधरा मिनिटं तिला कोणी चहा मागत नाही, आणि तिला रडता येतं.

योगवर्गात येणाऱ्या अशाच एका सुनेच्या सासूबाई आधी चिडायच्या. “वावरात कापूस फुटून रायला, अन् हे झोपून रायते!” एक दिवस उंबऱ्यावर येऊन बसल्या. बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, “माहे बी दोन गेले होते. तवा कोनं इचारलं?” मी त्यांच्यासाठीही सतरंजी टाकली.

आणि एक. ‘योग कर म्हणजे पुढचं टिकेल’ असं कृपा करून कोणी म्हणू नका. तो तिच्या डोक्यावर दुसरा हंडा होतो. लक्षात आलेल्या शंभर गरोदरपणांतली दहा ते पंधरा पहिल्या काही महिन्यांतच अशी जातात. पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो. ग्रहणात भाजी चिरली म्हणून नाही, कोणाची नजर लागली म्हणूनही नाही. पुन्हा पुन्हा जात असेल तर तपासणी करा. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही तपासणी करून घ्या.

ताप, घाण वास, तासाभरात कापड भिजेल इतकं रक्त जात असेल तर योग बाजूला ठेवा आणि 108 ला फोन करा. दोन-दोन आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, ‘जगून काय करू’ असं तोंडून निघालं, तर 14416. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. फुकट, रात्रंदिवस, आणि मराठीत बोलता येतं. फोन घरातल्या दुसऱ्या कोणी लावून दिला तरी चालतो. बाप्यांनो, हे काम तुमचं. तुमचंही लेकरू गेलंय, तुम्हीही तिथे बोला.

आता रेडिओ जवळ घ्या. भाकर तव्यावर असेल तर उतरवून या, मी थांबते.

आल्या? भिंतीला पाठ टेका. हात बरगड्यांवर. डोळे उघडे राहू द्या. नाकानं श्वास घ्या... एक, दोन, तीन, चार. सोडा... एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. डोळ्यांत पाणी आलं तर पुसू नका, मोजत राहा. घ्या...