शब्द शेवटाकडून वाचा

नमस्कार श्रोतेहो. दवाखान्याच्या कागदावर लांबलचक शब्द दिसला की काळजात धस्स होतं. आज त्यावर एकच गोष्ट सांगणार आहे: शब्द शेवटाकडून वाचा.

माझ्या आत्याच्या पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशन होऊन ती घरी आली, पण दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं उशीखालून डिस्चार्ज कार्ड काढलं. त्यावर लिहिलं होतं, कोलेसिस्टेक्टॉमी. हळूच म्हणाली, "खरं सांग, सिस्ट म्हणजे गाठ ना रे?"

आत्यानं जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं. मी म्हटलं, "आत्या, पोरांना समास सोडवायला लावायचीस ना? हा सोडव." तिनं पेन्सिल घेतली, कार्डामागे तो शब्द लिहिला आणि दोन उभ्या रेघा मारल्या. कोले, सिस्ट, एक्टॉमी. मी शेवटाकडून अर्थ सांगत गेलो. एक्टॉमी म्हणजे कापून काढणं. सिस्ट म्हणजे मूळ ग्रीकमध्ये पिशवी. कोले म्हणजे पित्त. आत्या ताडकन उठून बसली. "पित्ताची पिशवी काढली, एवढंच? अरे, हा तर आपला तत्पुरुष!" आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली.

माझं तर ठाम मत आहे, कार्डावर आजाराचं नाव मराठीतही लिहिलंच पाहिजे. पित्ताशय काढले, असे दोन शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो? त्या दोन शब्दांनी म्हाताऱ्या माणसाच्या दोन रात्री वाचतात.

असो. तर शब्द शेवटाकडून वाचा. शेवटी आयटिस असेल तर दाह, सूज. अपेंडिसायटिस, टॉन्सिलायटिस आपल्या ओळखीचेच आहेत. ऑपरेशनच्या कागदावर सही करताना मात्र नीट बघा. नुसतं टॉमी म्हणजे छेद. एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं. ऑस्टॉमी म्हणजे नवं तोंड करून ठेवणं. कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर आणतात. पुन्हा सांगतो: टॉमी छेद, एक्टॉमी काढणं, ऑस्टॉमी तोंड. शंका आली तर सहीआधी डॉक्टरांना विचारा.

परवा आत्याचा फोन आला. "अरे, हायपर म्हणजे आपलं उपरि, जास्त, आणि हायपो म्हणजे उप, कमी. ग्रीक आणि संस्कृत बहिणी ना! माझं ब्लडप्रेशर हायपर, शेजारच्या काकूंचा थायरॉइड हायपो. त्यांना आत्ताच समजावून आले."