गवताचा गोड वास आणि न गोठणारं रक्त

नमस्कार श्रोतेहो.

गवत कापून पसरलं की थोड्या वेळाने एक गोडसर वास सुटतो. उभ्या गवताला तो फारसा येत नाही. हा वास बराचसा कूमारिन नावाच्या रसायनाचा. जिवंत पानात त्याच्या आधीचा पदार्थ साखरेशी जोडून ठेवलेला असतो. पान कापलं, सुकू लागलं, की एन्झाइम ती साखर तोडतात आणि कूमारिन मोकळं होतं. १८२० मध्ये ते टोंका नावाच्या बियांतून वेगळं काढलं गेलं, १८६८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किन यांनी प्रयोगशाळेत बनवलं, आणि पुढे अत्तरवाल्यांनी ते उचललं.

पण खरी गोष्ट गोठ्यातली आहे. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत स्वीट क्लोव्हर या कूमारिन असलेल्या चाऱ्यावरची गुरं रक्तस्रावाने मरू लागली. शिंगं कापली तरी रक्त थांबेना. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी भर हिमवादळात जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. सोबत मेलेली कालवड, खराब झालेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त!

छडा लागायला १९३९ उजाडलं. दोष कूमारिनचा नव्हता. चांगल्या वाळलेल्या चाऱ्यातही ते असतंच, आणि गुरांना काही होत नाही. ओलसर चाऱ्यावर बुरशी चढली, की तिच्यामुळे कूमारिनचं डायकूमारॉल होतं. ते के जीवनसत्त्वाच्या कामात खोडा घालतं, मग रक्त गोठत नाही. त्याच धर्तीवर बनवलेलं वॉरफरिन १९४८ मध्ये आधी उंदीर मारण्यासाठी विक्रीला आलं, मग माणसांचं औषध झालं. तेव्हा ‘कूमारिन रक्त पातळ करतं’ असं सरसकट कुणी सांगितलं, तर मान डोलावू नका.

या कुळात भावंडं पुष्कळ. मातीतलं लोह सहज मिळेनासं झालं, की काही झाडं मुळांतून कूमारिनं सोडून ते विरघळवून घेतात. सोरालेनसारखी फ्युरानोकूमारिनं कातडीला लागली आणि वर ऊन पडलं, तर भाजल्यासारखे फोड येतात. पण तोच गुण डॉक्टर मोजून-मापून कोडावर वापरतात. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकूमारिनं तर आतड्यातलं औषधं मोडणारं एक एन्झाइमच बंद पाडतात. मग गोळी नेहमीचीच, पण रक्तात औषध जास्त उतरतं. रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांसोबत ग्रेपफ्रूट टाळा, अशी सूचना असते ती यासाठी. तुमच्या गोळीला ती लागू आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

नमस्कार.