निवृत्तीनंतर आपली वाट कोण बघणार?

(परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात बडोद्याहून आलेल्या एका शिक्षिकेनं केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात आमचं घर. गुजराती माध्यमाच्या एका शाळेत 33 वर्षं गणित आणि विज्ञान शिकवते आहे. गुजरातेत शाळांना दिवाळीची 21 दिवस सुट्टी असते, म्हणून लेकीकडे इतक्या लांब येता आलं. नोकरीतली ही माझी शेवटची दिवाळीची सुट्टी. आमच्याकडे 58 ला निवृत्ती, आणि चालू सत्र संपलं की मी मोकळी. तुमच्या मंडळाच्या ताईंनी कोणत्या विषयावर बोलाल असं विचारलं, तेव्हा मनात दुसरं काही आलंच नाही. गेले कित्येक महिने रात्री अंथरुणावर पडलं की तोच प्रश्न: पुढच्या जूनमध्ये शाळा उघडेल, घंटा होईल, आणि मी कुठे असेन?

या प्रश्नाचं उत्तर मी घरातच शोधते आहे, कारण माझे यजमान दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. शहराबाहेरच्या एका रासायनिक कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट विभागात होते. प्रेशर गेज, व्हॉल्व्ह, थर्मोकपल हे त्यांचं विश्व. तरुणपणी पाळ्या केल्या, शेवटची बारा-पंधरा वर्षं दिवसाची ड्युटी. कंपनीची बस पहाटे सव्वासहाला नाक्यावर यायची. पावणेपाचला आमच्या घरात दिवा लागायचा आणि साडेपाचला तीन पुडांचा स्टीलचा डबा ओट्यावर तयार असायचा. खाली भाजी, मधे पोळ्या, वर वरणभात.

जुलैअखेर ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, सत्कार, सगळं रीतसर झालं. ऑगस्टचा पहिला सोमवार उजाडला. मी पावणेपाचला उठले, कणीक मळली, भाजी फोडणीला टाकली आणि साडेपाचला डबा भरून झाकण लावलं. मागे वळले तर हे अंघोळ करून, शर्ट खोचून दारात उभे. आम्ही दोघंही त्या डब्याकडे बघत राहिलो. कोणीच काही बोललं नाही. मग त्यांनी तो उचलला, छत्री घेतली आणि बाहेर पडले.

त्या दिवशी ते कुठे गेले होते ते मला महिन्याभरानं कळलं. भुरभुर पावसात चालत कामाटीबागेत गेले. सयाजीरावांनी 1879 मध्ये लोकांसाठी खुली केलेली ती बाग, विश्वामित्री नदीच्या काठची. एका बाकावर बसून राहिले. साडेबारा वाजता, म्हणजे कारखान्यात जेवणाचा भोंगा व्हायचा त्या वेळी, त्यांनी डबा उघडला आणि जेवले. "भूक नव्हती गं, पण साडेबारा वाजले होते," असं त्यांनी मला सांगितलं. हे वाक्य मी विसरू शकत नाही.

पैशाचं आधी बोलून टाकते, कारण निवृत्ती म्हटलं की सगळे तिथूनच सुरू करतात, आणि ते गरजेचंही आहे. मी 2005 च्या आधी नोकरीला लागले, म्हणून मला जुनी पेन्शन मिळेल, महागाई भत्त्यासकट. यजमानांचं तसं नाही. खासगी कारखान्यातल्या माणसाची पेन्शन पीएफच्या योजनेतून येते. तिचं गणित मी शाळेत मुलांनाही घालते. पेन्शनसाठी धरायचा पगार जास्तीत जास्त 15,000, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. पस्तीस वर्षं धरली तरी उत्तर साडेसात हजार. शेवटचा पगार लाखाचा असो की चाळीस हजारांचा, उत्तर तेच. जादा पगारावर वर्गणी भरायचा पर्याय ज्यांनी घेतला त्यांचं वेगळं. शिवाय महागाई वाढली म्हणून ही रक्कम आपोआप वाढत नाही. म्हणून पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आम्ही ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात पडतं. 2023 पासून त्यात एका माणसाला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, त्याआधी मर्यादा 15 लाखांची होती. तुमच्यापैकी परत यायचा विचार करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: अनिवासी असताना हे खातं उघडता येत नाही, तिकडे परतून निवासी झाल्यावरच. पैशाचं एवढं पुरे. हिशेब नीट बसला की झोप लागते. पण सकाळी उठायचं कशासाठी, हे त्यातून कळत नाही.

आमच्या घरातले पुढचे पाच-सहा महिने कठीण गेले. मी शाळेतून यायची तर स्वयंपाकघरात डबे हललेले. डाळी एका रांगेत, पिठं दुसऱ्या, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. मिसळणाच्या डब्यात हळद जिथे तीस वर्षं होती तिथे जिरं. घाईत मी एकदा जिरं समजून मोहरी घातली आणि फार चिडले. नको ते बोलले. ते काही न बोलता गॅलरीत जाऊन उभे राहिले. ज्या माणसाच्या एका सहीवर अख्ख्या प्लांटचे मीटर चालायचे, त्याच्यासाठी आता हळदीच्या वाटीइतकीच जागा उरली होती, आणि तीही मी हिसकावून घेत होते, हे मला त्या रात्री उमगलं. तेव्हापासून आमच्याकडे हळद त्यांनी ठेवली तिथेच आहे.

लोक सल्ले देत होते. वाचन करा, नातवंडांत रमा, तीर्थयात्रा करा. एका शेजाऱ्यांनी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जायला सांगितलं. बडोद्याच्या माणसाला त्या लायब्ररीचा केवढा अभिमान असतो हे तुमच्यातल्या बडोदेकरांना सांगायला नको. सयाजीराव महाराज अमेरिकेला जाऊन आले, तिथली वाचनालयं बघून आले, आणि 1910 मध्ये बॉर्डन नावाचे ग्रंथपाल तिथून बोलावून त्यांनी आपल्या राज्यात ग्रंथालयांचं जाळं विणलं. गावोगाव पेट्यांमधून पुस्तकं फिरायची. माझ्या आजोबांनी खेड्यातल्या शाळेत अशा पेटीतलं पुस्तक वाचलेलं होतं, ते नेहमी सांगायचे. तर यजमान दोन महिने रोज लायब्ररीत गेले. पण पुस्तकं वाचली नाहीत. आतले मजले काचेचे आहेत, खालच्या मजल्यापर्यंत उजेड झिरपावा म्हणून, आणि मांडण्या पोलादी. हे त्या काचा पोलादात कशा बसवल्यात तेच बघत राहायचे, आणि घरी येऊन मला कागदावर काढून दाखवायचे. वाचनाची गोडी साठीला लागत नाही, असं माझं मत झालं आहे. जे पंचविसाव्या वर्षी हातात होतं तेच साठीलाही हातात येतं.

आणि तसंच झालं. समोर एक गुजराती बा राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या कुकरची शिट्टी होत नव्हती, वाफ कडेनं जायची. यांनी रिंग बदलली, व्हॉल्व्ह साफ करून दिला. प्रेशर म्हणजे यांचा प्रांतच. मग बांनी त्यांच्या नणंदेचा कुकर पाठवला. मग कोणाचा मिक्सर, कोणाची शेगडी. शेवटी हेच म्हणाले, रोज उठून नको, मंगळवारी चार वाजता ओट्यावर बसतो, त्या वेळी आणा. पैसे घेत नाहीत, सुट्ट्या भागाचे तेवढे. एकदा यांना ताप होता. सोमवारी संध्याकाळी बा काठी टेकत आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "भाई, मंगळवारे आवशो ने?"

मंडळी, मला हवं असलेलं उत्तर मला बांच्या तोंडून मिळालं. मंगळवारी येणार ना? निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी यांना ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी बोलावत होतं. घरच्यांचं प्रेम असतंच. पण घरचे तुम्ही आलात तरी प्रेम करतात, न आलात तरी करतात. तुम्ही न आल्यानं जिचा कुकर अडतो अशी एक बाहेरची व्यक्ती माणसाला लागते. नोकरी आपल्याला पगारासोबत हेच देत होती, आणि ते तेव्हा कळत नाही कारण तेव्हा त्याचा जाच वाटतो.

भारतात साठीला पोचलेल्या माणसापुढे सरासरी अजून अठराएक वर्षं असतात. आपल्याकडे साठीशांत होते आणि पुढे ज्यांच्या नशिबी असेल त्यांचं सहस्रचंद्रदर्शन. या दोन समारंभांच्या मधे वीस वर्षांहून जास्त काळ आहे. म्हणजे अर्ध्या नोकरीहून जास्त. एवढा काळ "आता आराम करा" या शब्दांवर निघत नाही.

आता तुमच्याशी थोडं मोकळेपणानं बोलते, राग मानू नका. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील इथे सहा-सहा महिने येऊन राहतात. माझी लेक मला पंधरा दिवस एकच वाक्य म्हणते आहे: आई, तू बस, तू आराम कर. तिच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण इथे साडेचारला अंधार पडतो, बाहेर रस्त्यावर माणूस दिसत नाही, आणि बसून बसून मला माझेच हात परके वाटायला लागलेत. आईवडिलांना तुमच्या घरात काम देऊ नका असं मी म्हणणार नाही, त्यांना घराबाहेरचं काम द्या असं म्हणेन. मंडळाच्या मराठी शाळेत दर रविवारी एक गोष्ट सांगायचं काम असू दे. ग्रंथालयात पुस्तकं लावायचं असू दे. वार आणि वेळ ठरलेली हवी, आणि ते आले नाहीत तर कोणाचा तरी फोन यायला हवा.

आणि जे पन्नाशीत आहेत, ज्यांनी बडोद्यात वासणा रोडला, गोत्रीला फ्लॅट घेऊन कुलूप लावून ठेवलेत, त्यांना माझी विनवणी आहे. निवृत्तीनंतर परत येऊ, असं तुम्ही म्हणता. या, जरूर या. पण फ्लॅट तुमची वाट बघत नाही. तुम्ही निघालात तेव्हाचं बडोदं शोधायला याल तर ते मिळणार नाही, शेवउसळ तेवढी मिळेल. आत्तापासून दर हिवाळ्यात जे तीन-चार आठवडे येता, ते सगळे लग्नांत आणि साड्यांच्या दुकानांत घालवू नका. एखाद्या आखाड्यात, एखाद्या शाळेत, एखाद्या भजनी मंडळात जाऊन बसा. दरवर्षी त्याच जागी. म्हणजे तुम्ही कायमचे याल तेव्हा कोणीतरी म्हणेल, "या वर्षी उशीर केलात."

माझं स्वतःचं अजून ठरलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. बाईला निवृत्ती कुठली, स्वयंपाक आहेच, असं माझ्या सहकारी मैत्रिणी म्हणतात. ते खरं आहे आणि मला ते पुरेसं वाटत नाही. आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते. 1949 मध्ये राज्य मुंबई प्रांतात विलीन झालं तेव्हा त्यांनी घरी आणलेली एक लाकडी पेटी आमच्याकडे आहे. आत मोडी लिपीतले कागद. आमच्या घरात ते आता एकालाही वाचता येत नाहीत. बडोद्याच्या सरकारी दप्तरखान्यात तर मोडीचे ढीगच्या ढीग आहेत. मला मोडी शिकायची आहे. तेहतीस वर्षं मी फळ्यासमोर उभी राहिले, आता बाकावर बसून चुका करायच्या आहेत, आणि कोणीतरी लाल पेनानं त्या दाखवायच्या आहेत. पुढे वाचता यायला लागलं तर आमच्यासारख्या ज्यांच्या माळ्यावर असे कागद पडलेत, त्यांचे वाचून द्यायचे. कदाचित तोच माझा मंगळवार असेल.

यजमानांचं एक सांगायचं राहिलं. गेल्या वर्षापासून ते दर गुरुवारी सिटी बसनं शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात जातात. तिथले पंखे, नळ, चाकांच्या खुर्च्या बघतात. दिवसभराचं काम असतं, म्हणून गुरुवारी पुन्हा डबा लागतो. मी इकडे निघताना विमानतळावर त्यांना विचारलं, तीन गुरुवार डबा कोण करेल? ते काही बोलले नाहीत. परवा गुरुवार होता. सकाळी फोनवर फोटो आला. आमच्या ओट्यावर तोच तीन पुडांचा डबा, उघडा ठेवलेला. पोळ्यांचा आकार नीट नव्हता, एक कडेला करपली होती. भाजी मात्र दुधीची, त्यांना न आवडणारी. मी फोन करून विचारलं, दुधी का केलात? तर म्हणाले, "तिथल्या एका आजोबांना आवडते. त्यांनी मागच्या गुरुवारी सांगून ठेवलं होतं."